थार ही जीपची ‘कॉपी’ आहे का? हे भांडण १९४० सालापासून सुरू आहे

थारचा कुठलाही रील उघडा आणि खाली कमेंट वाचा. चार-पाच कमेंट खाली गेलात की कुणीतरी लिहिलेलं असतंच, “गरिबांची रँग्लर.” त्याच्या खाली थारवाला पेटलेला असतो, “भावा, महिंद्रा १९४७ पासून जीप बनवतेय, तू कोणाला शिकवतो?” मग तिसरा येतो आणि अमेरिकेत महिंद्राला कोर्टानं कसं अडवलं त्याची बातमी चिकटवतो. शेवटी विषय गाडीवरून आईबापावर जातो.

गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण ‘कॉपी’ म्हणायचं तर आधी ‘ओरिजिनल’ कोणाचं ते ठरवायला लागतं, आणि जीपच्या बाबतीत घोडं तिथंच अडतं. कारण जीप एकानं जन्माला घातली, दुसऱ्यानं वाढवली, तिला चेहरा तिसऱ्यानं दिला आणि सातबाऱ्यावर नाव लागलं ते दुसऱ्याचं.

तर सुरुवातीपासून बघू.

१९४० चा उन्हाळा. युरोपात हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं होतं. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण उतरावं लागणार हे लष्कराला दिसत होतं. घोडे आणि साइडकारच्या मोटरसायकली यांच्या जागी त्यांना एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी छोटी गाडी हवी होती. लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. अट अशी, की नमुन्याची गाडी ४९ दिवसांत तयार पाहिजे.

बहुतेकांनी या वेडेपणाकडे बघितलंसुद्धा नाही. होकार आला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर नावाच्या गावातल्या ‘अमेरिकन बँटम’ या कंपनीकडून. ही कंपनी दिवाळं निघायच्या काठावर होती, आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं तिनं हे काम धरलं. कंपनीकडं नीट डिझाइन करणारा माणूसही शिल्लक नव्हता. म्हणून डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं साधारण दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला. २३ सप्टेंबर १९४० ला बँटमची गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर झाली. मुदत पाळली गेली आणि गाडी लष्कराला पसंत पडली.

इथं कुणाही मराठी माणसाला वाटेल, की चला, गरिबाचं भलं झालं. पण लष्कराला शंका होती, की एवढीशी कंपनी हजारोंनी गाड्या कशा देणार? मग लष्करानं बँटमचे आराखडे आणि तिची गाडी ओहायोतल्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांना दाखवली. आराखडे आता सरकारच्या मालकीचे आहेत, असं लष्कराचं म्हणणं. म्हणजे ‘कॉपी’ हा शब्द वापरायचाच तर जीपची पहिली कॉपी १९४० मध्येच झाली, आणि ती खुद्द अमेरिकन लष्करानं करवून घेतली.

तिन्ही कंपन्यांना आधी दीड-दीड हजार गाड्यांचं काम मिळालं. विलीजकडं हुकमाचा पत्ता होता तो इंजिनचा. २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं ‘गो डेव्हिल’. बँटमच्या इंजिनपेक्षा ते बरंच दमदार होतं. अडचण वजनाची होती. लष्करानं घातलेल्या मर्यादेच्या वर विलीजची गाडी जात होती. तेव्हा विलीजचा मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यानं गाडीचा एकेक भाग सुटा करून तोलला. बोल्ट जिथं जास्त लांब होते तिथं कापले आणि रंगाचा हातसुद्धा कमी केला. असं करत गाडी मर्यादेत बसवली. १९४१ च्या मध्यावर मोठं कंत्राट विलीजला गेलं आणि गाडीचं नाव पडलं विलीज एमबी. पुढं मागणी एवढी वाढली, की फोर्डलाही विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सव्वासहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

बँटमच्या वाट्याला आल्या साधारण २,६०० गाड्या. त्यातल्याही बऱ्याच ब्रिटन आणि रशियाला पाठवल्या गेल्या. नंतर बँटमला काम मिळालं ते जीपच्या मागं जोडायच्या ट्रेलरचं. ज्यानं गाडी काढली त्याला तिच्या मागची ट्रॉली बनवायला लावली!

आता ती फटींची जाळी, जिच्यावरून आज एवढी भांडणं होतात. विलीजच्या पहिल्या गाड्यांना पुढं लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. पत्र्याच्या एकाच तुकड्यात उभ्या फटी पाडायची सोपी, स्वस्त जाळी काढली फोर्डनं, आणि विलीजनं ती उचलली. तिला नऊ फटी होत्या. युद्धानंतर नागरिकांसाठी जीप काढताना विलीजनं मोठे हेडलाइट बसवले, जागा कमी पडली आणि फटी सात झाल्या. जीप सातही खंडांत पोचली म्हणून सात फटी, असा जो फॉरवर्ड फिरतो, तो ऐकायला छान आहे, एवढंच.

नावाचंही तसंच. ‘जनरल पर्पज’ म्हणजे जीपी, त्याचं जीप, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यावर जाणकारांचं एकमत नाही. ‘जीप’ हा शब्द अमेरिकन सैनिकांच्या बोलण्यात गाडीच्या आधीपासून होता, आणि पॉपआयच्या कार्टूनमध्ये १९३६ मध्ये ‘युजीन द जीप’ नावाचा कुठंही पोचू शकणारा एक प्राणी येऊन गेला होता. पेपरात हे नाव गाजलं १९४१ च्या सुरुवातीला. विलीजच्या ड्रायव्हरनं वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली आणि बातमीत तिला ‘जीप’ म्हटलं गेलं. आजच्या भाषेत व्हायरल झालं.

मग विलीजनं जाहिरातींत ठोकून द्यायला सुरुवात केली, की जीप आम्हीच जन्माला घातली. बँटमची बाजू धरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९४३ मध्ये विलीजवर तक्रार गुदरली. १९४८ मध्ये निकाल लागला, की जीप एकट्या विलीजनं निर्माण केली असा दावा करणं चूक आहे. बँटम जिंकली. पण १९५० मध्ये ‘जीप’ या नावाचा ट्रेडमार्क मिळाला कोणाला, तर विलीजला. बँटमचं दुकान काही वर्षांत बंद झालं.

सगळ्या जगानं हात मारला

युद्ध संपलं तेव्हा जगभर जीप पडून होत्या. शेतकऱ्यांनी त्या घेतल्या, नांगराला जुंपल्या. विलीजनं स्वतःच ‘सीजे’ म्हणजे सिव्हिलियन जीप काढली, ती शेतीचं अवजार म्हणूनच विकली. मागं फाळका, इंजिनच्या ताकदीवर पंप आणि करवत चालवायची सोय.

ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर अशीच एक जुनी जीप वापरायचा. ती मोडली तर घ्यायचं काय, या विचारातून लँड रोव्हर जन्माला आली. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर उभा केला होता. एप्रिल १९४८ मध्ये ती अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. जपानमध्ये टोयोटानं १९५१ मध्ये ‘टोयोटा जीप बीजे’ काढली. विलीजनं नावाला हरकत घेतली, तेव्हा टोयोटानं १९५४ मध्ये नाव ठेवलं ‘लँड क्रूझर’. आज आपल्या नेतेमंडळींच्या ताफ्यात दिसणाऱ्या लँड क्रूझरचं खानदान हे असं आहे.

काहींनी मात्र रीतसर परवाना घेतला. फ्रान्समध्ये हॉचकिसनं घेतला. जपानमध्ये मित्सुबिशीनं घेतला आणि १९९८ पर्यंत जीप बनवली. आणि भारतात घेतला महिंद्रानं.

माझगावची जीप

कैलाशचंद्र महिंद्रा युद्धाच्या काळात अमेरिकेत भारत सरकारच्या पुरवठा खात्याचं काम बघत होते. तिथं त्यांची गाठ पडली बार्नी रूसशी. तोच, बोल्ट कापणारा. १९४५ मध्ये कैलाशचंद्र, त्यांचे भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. पाटीवरचं ‘एम अँड एम’ बदलावं लागलं नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

१९४७ मध्ये विलीजकडून ७५ जीपचे सुटे भाग मागवले गेले आणि मुंबईत माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. खडबडीत रस्ते, बिनरस्त्याची गावं आणि नवं सरकार, अशा देशाला याहून योग्य गाडी सापडली नसती. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, महसूल सगळ्यांच्या दारात जीप उभी राहिली. गावात जीप आली म्हणजे ‘साहेब’ आला, हे समीकरण तेव्हाचं.

(स्वतंत्र भारतातला गाजलेला पहिला घोटाळाही जीपचाच, पण त्याचा महिंद्राशी संबंध नाही. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी वापरलेल्या जीपचा सुमारे ८० लाखांचा सौदा केला. मद्रासला उतरल्या १५५ जीप, आणि त्या लष्कराच्या कामाच्या नाहीत असं निघालं. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. १९५७ मध्ये मेनन मुंबईतून खासदार झाले आणि संरक्षणमंत्रीही.)

लष्करासाठी जीप काय होती याचं उत्तर १९६५ मध्ये मिळालं. पंजाबातल्या खेमकरण भागात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हा हवालदार अब्दुल हमीद यांनी उसाच्या शेतांच्या आडोशानं, जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं एकामागून एक रणगाडे उडवले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पत्र्याची, बिनछपराची गाडी आणि समोर पॅटन. जीपची ताकद तिच्या जाडीत नव्हती. पटकन शिरणं, मारणं आणि जागा बदलणं, यात होती.

पुढं लष्करात जीपच्या जोडीला इतरही गाड्या आल्या. निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली जोंगा, तिच्या नावातच जबलपूर आहे. मग १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी. पण महिंद्राची जीप हटली नाही, कारण ती सारखी रूप पालटत राहिली.

अमेरिकेत उंच बॉनेटची ‘सीजे थ्री बी’ १९५३ मध्ये आली आणि पुढच्या दशकात बंदही झाली. आपल्याकडं तिचा सांगाडा त्यानंतर कित्येक दशकं जिवंत राहिला. पेट्रोल महाग म्हणून आधी ट्रॅक्टरच्या जातीचं इंटरनॅशनल कंपनीचं डिझेल इंजिन आत बसलं, मग प्यूजोचं. ही प्यूजोची इंजिनं आपल्या इगतपुरीत बनायची. एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, लांब चासीची कमांडर, मग मार्शल, आर्मडा. अमेरिकेनं जीपला हौसेची गाडी केली, आपण तिला कामाला लावली.

आणि कामाला लावणं म्हणजे काय, ते सातारा, सांगली, कोल्हापूरकरांना विचारा. वडाप! एसटी वेळेवर येत नाही, आली तर भरलेली असते, मग फाट्यावर ‘चला, चला, एकच शीट’ ओरडणारी कमांडर किंवा ट्रॅक्स. नऊ माणसांच्या गाडीत सतरा जण, मागच्या फाळक्यावर दोघं लटकलेले, ड्रायव्हर अर्धा बाहेर. मराठवाडा-विदर्भात तिलाच काळी-पिवळी म्हणतात. यातली ट्रॅक्स पुण्याच्या बजाज टेम्पोची, महिंद्राशी तिचा काडीचा संबंध नाही, पण गावात तीही ‘जीप’ आणि नंतर आलेली टाटाची सुमोही ‘जीप’च. ट्रेडमार्क गेला खड्ड्यात. ज्या नावासाठी विलीज एवढी भांडली, ते आपल्याकडं वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावं तसं झालं.

मग अमेरिकेत अडवलं कशाला?

दरम्यान तिकडं जीप हातोहात फिरत होती. विलीजकडून १९५३ मध्ये कैसरकडं, १९७० मध्ये एएमसीकडं, १९८७ मध्ये क्रायस्लरकडं, मग डेमलर, मग फियाट, आणि २०२१ पासून स्टेलँटिसकडं. सीजेची मालिका संपून तिची जागा १९८६ मध्ये रँग्लरनं घेतली. पहिल्या रँग्लरला चौकोनी हेडलाइट दिले होते. लोक एवढे चिडले, की पुढच्या पिढीत कंपनीनं गपगुमान गोल दिवे परत आणले. तेव्हा कळलं, की लोक पैसे मोजतात ते त्या चेहऱ्यासाठी.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण याच गोष्टीवर आहे.

महिंद्रानं २०१० मध्ये पहिली थार काढली. जुन्या जीपचं रूप आणि नवं डिझेल इंजिन. भारतात कुणी काही बोललं नाही. पण मार्च २०१८ मध्ये महिंद्रानं अमेरिकेत ‘रॉक्सर’ आणली. रस्त्यावर चालवायची परवानगी नसलेली, शेतात आणि जंगलवाटांवर फिरवायची छोटी गाडी. ६२ हॉर्सपॉवर, कमाल वेग ताशी साधारण ७२ किलोमीटर. भाग भारतातून जायचे आणि जुळणी व्हायची मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला. हे तेच गाव, जिथं जीपच्या मालक कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय आहे. म्हणजे पाटलाच्या वाड्यासमोर जाऊन शड्डू ठोकल्यासारखं.

ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लर अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडं गेली. तक्रारीचा मुख्य मुद्दा ‘ट्रेड ड्रेस’ हा होता. ट्रेड ड्रेस म्हणजे नाव झाकलं तरी वस्तू ज्या रूपावरून ओळखू येते ते रूप. कोका-कोलाच्या बाटलीचा आकार आठवा. जीपचं रूप म्हणून कंपनीनं जी यादी दिली ती वाचण्यासारखी आहे. खोक्यासारखी सरळ उभ्या बाजूंची बॉडी, बॉनेटच्या बाहेर दिसणाऱ्या कड्या, पुढं निमुळतं होत गेलेलं सपाट बॉनेट, चाकांवरचे वरून सपाट आणि बाजूंनी तिरके मडगार्ड, दाराचे वर उघडे काप, आणि गोल दिव्यांच्या मधली उभ्या फटींची सपाट जाळी.

महिंद्रानं बचावात २००९ चा एक करार पुढं केला. एका विशिष्ट जाळीबद्दल क्रायस्लर दावा करणार नाही, असा तो होता. त्यानं सुटका झाली नाही. २०२० च्या जूनमध्ये आयोगानं सांगितलं, की रॉक्सर जीपच्या ट्रेड ड्रेसचं उल्लंघन करते, तिचे भाग आणायचे नाहीत आणि ती विकायची नाही. पण जीपच्या नोंदणी केलेल्या ट्रेडमार्कचं उल्लंघन झालेलं नाही, हेही त्याच निकालात आहे. हा अर्धा भाग कमेंटवाले सोडून देतात.

महिंद्रानं रॉक्सरचं तोंड बदललं. डिसेंबर २०२० मध्ये आयोग म्हणाला, नव्या रूपाला हरकत नाही. फियाट क्रायस्लर मिशिगनच्या कोर्टात गेली. तिथं हरली, अपील केलं, आणि २०२२ मध्ये अपील कोर्टानं प्रकरण परत पाठवलं. मुद्दा असा, की जो एकदा दोषी ठरलाय त्याला इतरांपेक्षा जास्त लांब राहावं लागतं. गावाकडच्या भाषेत, बांध कोरताना एकदा सापडलेल्या शेजाऱ्यानं पुढच्या वेळी नांगर बांधापासून चार हात लांबूनच फिरवायचा. २०२३ मध्ये मिशिगनच्या कोर्टानं हा नियम लावायचा की नाही ते पुन्हा तपासलं आणि नव्या रॉक्सरची विक्री रोखायला नकार दिला.

अमेरिकेत एवढं झाल्यावर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातही ठिणगी पडली. नवी थार तिथं येणार असल्याची कुणकुण लागताच फियाट क्रायस्लर कोर्टात गेली, आणि थार आणायची झाली तर ९० दिवस आधी कळवू, असं महिंद्रानं लिहून दिलं.

तर मग थार कॉपी आहे का? माझं मत विचाराल तर नाही. कॉपी करणारा चोरून करतो, महिंद्रानं पैसे मोजून, करार करून हे रूप घेतलं आणि जीपच्या आजच्या मालकांपेक्षा कितीतरी आधीपासून ते सांभाळलं. पण परवाना म्हणजे मालकी नव्हे, हेही तितकंच खरं. कुळाला जमीन कसायला मिळते, म्हणून शेजारच्या गावातही तिच्यावर नाव लागत नाही. भारतात ते रूप महिंद्राचं वाटतं, कारण इथल्या तीन पिढ्यांनी ते महिंद्राच्या गाडीवर पाहिलंय. अमेरिकन माणसाच्या डोळ्याला तेच रूप जीपचं वाटतं, आणि ट्रेड ड्रेसचा कायदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यावरच चालतो. प्रॉब्स्टनं दोन दिवस जागून काय काढलं होतं, हे तिथं कुणी विचारत नाही.

आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट आपल्या राज्यातच आहे. थार बनते नाशिकला. रँग्लरची जुळणी मार्च २०२१ पासून होते पुण्याजवळ रांजणगावला. कोर्टात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही घराण्यांच्या गाड्या महाराष्ट्राच्याच कारखान्यांतून बाहेर पडतात.

अमेरिकेत रँग्लर अजूनही विलीजच्या जुन्या गावात, ओहायोतल्या टोलेडोमध्येच बनते आणि तिथं जीपचा मेळा भरतो. बटलरमध्ये बँटमचा कारखाना उरला नाही, पण दर जूनमध्ये तिथंही जीपवाले जमतात आणि त्या मेळ्याला ते ‘बँटम जीप’ असंच नाव लावतात.